राजा रविवर्मा आणि आपले बडोदे : एका चित्रकाराने गिऱ्हाईक कसे जोडले

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आज एखादे तरी मूल चित्रकलेत रमलेले आहे. बडोद्यात फाइन आर्ट्सची परंपरा मोठी, त्यामुळे त्यात नवल नाही. यातली काही मुले-मुली मोबाईलवर आपली चित्रे टाकतात, फोटोवरून आजी-आजोबांचे पोर्ट्रेट करून देऊ, लग्नाच्या वाढदिवसाला जोडप्याचे चित्र करून देऊ, असे कळवतात. चित्रांचे कौतुक भरपूर होते, पण काम मागणारा माणूस क्वचितच भेटतो. आणि मग त्यांचे आईवडील आम्हाला विचारतात की, या कलेवर घर चालेल का?

या प्रश्नाला आम्ही एका माणसाच्या आयुष्यातून उत्तर देऊ पाहतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्याच्यापुढे होता. तो मराठी नव्हता, पण त्याचे नशीब उघडण्यात एका मराठी दिवाणाचा आणि एका मराठी महाराजांचा मोठा वाटा होता, आणि ते घडले आपल्याच गावात. त्याचे नाव राजा रविवर्मा. त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती आपल्यापैकी कित्येकांच्या आजीच्या देवघरात होती. पण ती तिथवर पोचली कशी, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

किळिमानूरचा मुलगा

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा. गाव त्रावणकोर संस्थानातले किळिमानूर. घराणे खानदानी, त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीचे. घरात संस्कृत, संगीत, कथकळी असे सगळे होते. मामा राजा राजवर्मा स्वतः तंजावर पद्धतीची चित्रे काढत. भाचा भिंतीवर कोळशाने हत्तीघोडे काढतो, हे पाहून रागावण्याऐवजी मामांनी त्याला हाताशी घेतले, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

१८६२ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, मामा त्याला तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी घेऊन गेले. महाराजांनी राहायची सोय केली, रंग दिले, दरबारातली चित्रे पाहायची मुभा दिली. गुरू मात्र मिळाला नाही. तैलरंग जाणणारे दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी या मुलाला शिकवायचे टाळले. पुढे १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार राजघराण्याची व्यक्तिचित्रे करायला आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम चालू असताना बाजूला उभे राहून पाहू दिले. तैलरंगांत सावली कशी उतरते, कापडाची चमक कशी धरतात, हे रविवर्मांनी असे नुसते पाहून आणि घरी शेकडो वेळा करून हस्तगत केले.

आज इंटरनेटवर कुणाचाही हात चालताना पाहता येतो. रविवर्मांना ती संधी थोडे दिवसच मिळाली आणि ते थोडे दिवस त्यांनी वाया घालवले नाहीत.

पहिले पैसे

दरबारात काम केले की बिदागी मिळे, वीरशृंखला मिळे, मान मिळे. पण ती महाराजांची मर्जी होती. मेहनतीचा ठरलेला मोबदला ही गोष्ट वेगळी. ती रविवर्मांच्या आयुष्यात १८७० मध्ये आली. कालिकतचे न्यायाधीश किळक्के पालाट कृष्ण मेनन यांनी आपल्या कुटुंबाचे चित्र करायला सांगितले. रविवर्मांचे हे पहिले पैसे घेऊन केलेले काम मानले जाते.

यात काय मोठेसे, असे आज वाटेल. पण राजघराण्याशी नाते असलेल्या माणसाने हाताने काम करून त्याचे पैसे घ्यावेत, हे त्या काळच्या रूढीत बसत नव्हते. चित्रे काढणे हा छंद म्हणून चालला असता, उदरनिर्वाह म्हणून नाही. रविवर्मांनी ती लाज बाजूला ठेवली. आम्हाला त्यांच्या आयुष्यातले हे पहिले धाडस वाटते. चांगल्या घरातली कितीतरी मुले आजही पैसे मागताना अडखळतात आणि ओळखीच्यांची कामे फुकट करत राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे पहिले गिऱ्हाईक राजा नव्हते. नव्याने शिकलेला, पगारदार, आपल्या बायकामुलांचे चित्र दिवाणखान्यात असावे असे वाटणारा तो गृहस्थ होता. असे गिऱ्हाईक त्या काळी नुकतेच तयार होऊ लागले होते.

प्रदर्शनाची खिडकी

कालिकतचे काम पाहून त्रावणकोर-मलबारबाहेर कोण बोलावणार? त्यासाठी चित्र परक्या माणसांच्या नजरेस पडायला हवे. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही रविवर्मांचा गौरव झाला. १८७६ मध्ये कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला मद्रासला मांडली गेली. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ती विकत घेतली. पुढे मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी हेच चित्र छापले गेले. ड्यूकने नंतर रविवर्मांकडून स्वतःचे पूर्णाकृती चित्रही करून घेतले.

या घटनांची साखळी पाहण्यासारखी आहे. आधी स्वतःच्या मनाचे एक चित्र, मग प्रदर्शन, मग पदक, मग वजनदार गिऱ्हाईक, आणि त्या गिऱ्हाइकाच्या भिंतीवरून चार नवीन गिऱ्हाइके. पदकाने पोट भरले नाही, पण ओळख पटवायचे काम केले. आणि प्रदर्शनात ठेवलेले चित्र कुणी सांगितलेले नव्हते. आपण काय करू शकतो हे दाखवायला त्यांनी ते आधी स्वतःहून केले होते.

बडोद्याचे बोलावणे

१८८० मध्ये आयिल्यम तिरुनाळ वारले. नव्या महाराजांशी रविवर्मांचे फारसे जमले नाही. अठरा वर्षांचा आधार गेला. बत्तीस वर्षांचा, बायकामुले असलेला हा चित्रकार अशा वेळी घरी बसला असता तर आज आपण त्याचे नाव घेतले नसते. इथे बडोदे येते.

आपले दिवाण सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. सतराव्या शतकात दक्षिणेत गेलेल्या मराठी मंडळींचे ते वारस. आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर रुजलेले. त्यांनी आधी त्रावणकोरची दिवाणगिरी केली, मग इंदूरची होळकरांकडे, आणि १८७५ पासून बडोद्याची. त्रावणकोरला असताना दरबारात वाढणारा हा चित्रकार मुलगा त्यांच्या पाहण्यातला होता. मल्हारराव पदच्युत झाल्यावर कवळाण्याहून आणलेल्या गोपाळराव या मुलाला, म्हणजे सयाजीराव महाराजांना, घडवायची जबाबदारी त्यांच्यावर होती. डिसेंबर १८८१ मध्ये महाराजांना राज्याधिकार मिळाले. त्या समारंभाच्या सुमारास माधवरावांनी रविवर्मांना बडोद्याला बोलावले.

त्रावणकोरात तेव्हा रेल्वे पोचलेली नव्हती. बैलगाडी, होडी, मग आगगाडी असा लांबचा प्रवास करून रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजा राजवर्मा यांना घेऊन आले आणि काही महिने राहिले. तरुण सयाजीराव, महाराणी चिमणाबाई आणि गायकवाड घराण्यातली इतर मंडळी त्यांनी रंगवली. चिमणाबाईही तंजावरच्याच, मोहित्यांच्या. घरच्या मंडळींशी बोलताना दक्षिणेतल्या चित्रकाराला फार परके वाटले नसावे, असे आम्हाला वाटते.

इथून पुढे वाट खुली झाली. भावनगरच्या महाराजांकडे काम मिळाले, १८८५ मध्ये म्हैसूरचे बोलावणे आले. एका संस्थानिकाच्या दिवाणखान्यात लागलेले चित्र पाहुणा आलेला दुसरा संस्थानिक पाहत असे. त्याहून मोठी जाहिरात त्या काळी नव्हती. आणि ही जाहिरात उभी राहिली ती एका जुन्या ओळखीने ठेवलेल्या विश्वासावर.

चौदा चित्रांचे काम

सयाजीराव महाराज आणि रविवर्मा यांची पुन्हा गाठ पडली ती १८८८ मध्ये उटीला. लक्ष्मीविलास राजवाडा तेव्हा बांधून होत आला होता. त्याच्या दरबार हॉलसाठी रामायण-महाभारत-पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रे करून द्यावीत, असे ठरले. रविवर्मांना आजवर मिळालेले हे सर्वांत मोठे काम.

आता गंमत पाहा. काम हाती आल्यावर ते लगेच रंगवायला बसले नाहीत. सीता, द्रौपदी, दमयंती यांना कोणती वस्त्रे नेसवावीत हा त्यांच्यापुढचा खरा पेच होता. केरळची नेसण बडोद्याला परकी वाटली असती, बडोद्याची मद्रासला. म्हणून दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात फिरले, जुनी शिल्पे, माणसे, कपडे पाहिले. सगळ्यांना आपली वाटेल अशी एकच जुनी वेशभूषा काही सापडली नाही. शेवटी त्यांनी साडीचाच आधार घेतला. त्यांच्या कितीतरी नायिकांच्या नेसण्यात मराठी वळण दिसते ते यामुळेच.

मग गावी परतून, किळिमानूरच्या चित्रशाळेत, दोन वर्षे खपून चित्रे पुरी केली. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र, कंस आणि योगमाया असे प्रसंग त्यांत होते. बडोद्याला आणण्याआधी ती तिरुवनंतपुरमला लोकांना पाहायला ठेवली. बडोद्यात मांडली तेव्हा तर गर्दी लोटली. देऊळ आणि सोवळेओवळे यांच्यापलीकडे, कुणालाही जवळ जाऊन पाहता येतील अशा देवदेवता लोक पहिल्यांदाच पाहत होते.

या कामात दोन भावांची वाटणी कशी होती, हेही सांगायला हवे. मुख्य आकृती रविवर्मांच्या. मागचा देखावा, झाडे, पाणी बहुतेकदा राजवर्मांचे. ते स्वतः निसर्गचित्रांत निपुण होते. शिवाय इंग्रजी पत्रव्यवहार, गाठीभेटी, हिशेब ही कामेही त्यांच्याकडे. बहीण मंगला बायी याही चित्रकार होत्या. रविवर्मा एकटे मोठे झाले नाहीत. ते एक चालते घर होते.

राजवाड्यातून देवघरात

१८८४ मध्येच माधवरावांनी रविवर्मांना पत्राने सुचवले होते की, मागणी इतकी आहे की एका माणसाच्या हाताने ती पुरी होणार नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून रंगीत छापून आणावीत. ही गोष्ट रविवर्मांच्या मनात राहिली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात निरनिराळ्या प्रांतांतल्या स्त्रियांची त्यांची दहा चित्रे गेली आणि पदके मिळवून आली. पण चित्र घेऊ शकणारे राजे मोजकेच होते. चित्र हवे असणारी माणसे लाखो होती.

१८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. भागीदार होते व्यापारी गोवर्धनदास खटाव माखनजी. यंत्रे आणि कारागीर जर्मनीतून आले. या छपाईत चित्रातला एकेक रंग वेगळा काढून त्याचा वेगळा दगड करावा लागतो आणि एकाच कागदावर ते सगळे दगड एकावर एक नेमके बसावे लागतात. एक दगड केसभर सरकला तरी लक्ष्मीचा डोळा बिघडतो. वरून चकाकी चढवली की कागद तैलचित्रासारखा दिसे. शकुंतलेच्या जन्माचे चित्र पहिले छापले, असे सांगतात. मग लक्ष्मी, सरस्वती, राम, दत्त असे एकेक देव घराघरांत गेले. ज्यांना कधी देवळाच्या गाभाऱ्यापाशी जाऊ दिले नव्हते त्यांच्या भिंतीवरही ते लागले.

धंदा म्हणून मात्र हा छापखाना रविवर्मांना पेलला नाही. भागीदारी मोडली, कर्ज झाले, मुंबईत प्लेगने कामगार पांगले. १८९९ मध्ये कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. शेवटी तो चित्रांच्या हक्कांसकट फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. पुढे अनेक वर्षे तो चालला, १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केले होते. देशभर भिंतीभिंतींवर रविवर्मांचे नाव होते आणि त्या चित्रांचे हक्क त्यांच्याकडे राहिले नव्हते. आज चित्राची फाईल गिऱ्हाइकाच्या हाती देणाऱ्या प्रत्येक मुलाने हा भाग दोनदा वाचावा. चित्र विकणे आणि ते पुन्हा पुन्हा छापायचा हक्क विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाट पाहण्याचे दिवस

इतके नाव झाल्यावर तरी काम आपोआप येत असेल, असे वाटते. पण राजा राजवर्मांनी या काळात इंग्रजीत दैनंदिनी लिहिली आणि तिच्यातून वेगळेच चित्र दिसते. प्रवास, भाड्याची घरे, बैठकीची वेळ पुढे ढकलणारे गिऱ्हाईक, थकलेले पैसे, अर्धवट राहिलेली चित्रे. १९०१ मध्ये उदयपूरला महाराणांकडे काम झाले, तिथे महाराणा प्रतापांचेही चित्र केले. १९०२ मध्ये निजामाच्या कामाच्या आशेने ते हैदराबादेत बराच काळ राहिले. तिथल्या वाट पाहण्याच्या मानाने हाती फार थोडे आले. वय पन्नाशीपुढे, मधुमेह जडलेला, आणि तरीही परक्या गावी दरबारातून निरोप येण्याची वाट पाहायची.

या वाट पाहण्यात ते रिकामे बसत नसत. त्या गावातल्या इतर कुणाचे चित्र, एखादा देखावा, एखादा अभ्यास चालूच असे. समोर बसायला कुणी नसेल किंवा माणूस हयात नसेल तर छायाचित्रावरून चित्र करून देत. छायाचित्रकार वाढले म्हणून चित्रकाराचा धंदा बुडणार, असे तेव्हाही बोलले जात होते. रविवर्मांनी छायाचित्राला वैरी मानले नाही, मदतनीस केले.

१९०४ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. त्याच वर्षी म्हैसूरकरांनी नव्या राजवाड्यासाठी पौराणिक चित्रांचे मोठे काम सोपवले. सगळे पुन्हा नीट लागत होते. पण जानेवारी १९०५ मध्ये राजा राजवर्मा वारले. जवळजवळ पंचवीस वर्षे सोबत फिरलेला, शेजारी उभा राहून आभाळ रंगवणारा, पत्रे लिहिणारा भाऊ गेला. रविवर्मांनी म्हैसूरचे काम पुरे केले, पण त्यानंतर ते सावरले नाहीत. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे लगेचच टीका सुरू झाली. आनंद कुमारस्वामी आणि बंगालमधल्या नव्या चित्रकारांना ही चित्रे नाटकी आणि पाश्चात्य वळणाची वाटली. त्या टीकेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या घरांत आधी एकही चित्र नव्हते त्या घरांत चित्र असावे ही सवय रविवर्मांनी लावली, हे टीकाकारांनाही नाकारता आले नाही.

घर चालेल का?

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. आमचे उत्तर असे की, चालेल, पण नुसत्या हाताच्या कौशल्यावर नाही. रविवर्मांना पहिले मोठे काम ओळखीने मिळाले, दुसरे पहिल्याच्या सफाईने. न सांगता केलेल्या चित्रांनी त्यांची ओळख दूरवर नेली. पैसे मागायची लाज त्यांनी विसाव्या-बाविसाव्या वर्षीच सोडली. हिशेब आणि पत्रे सांभाळणारा माणूस त्यांच्या घरातच होता. जिथे तो हिशेब कमी पडला, त्या छापखान्यात ते बुडाले. तेव्हा मुलगा चित्र काढत असेल आणि बहिणीला हिशेबाची, लिहिण्याची आवड असेल, तर दोघांनी मिळून बसावे.

आणि आपण मंडळींनी माधवराव व्हावे. मोबाईलवर अंगठा दाखवून मुलांचे कौतुक करण्यापेक्षा आजोबांचे एक चित्र त्यांच्याकडून रीतसर पैसे देऊन करून घ्यावे आणि ते पाहुण्यांना दिसेल असे दर्शनी खोलीत लावावे. पहिले गिऱ्हाईक बहुधा आपल्याच माणसांतून येते.

रविवर्मांची बडोद्याची चित्रे आजही लक्ष्मीविलासच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. जाण्याआधी वेळ विचारून घ्यावी आणि चित्र काढणाऱ्या मुलांना अवश्य न्यावे. छापील कागदावर हजारदा पाहिलेला तो चेहरा मूळ रंगांत समोर आला की, साडीच्या जरीवर किती तास गेले असतील हे मुलांना आपोआप कळते.